अण्णांच्या नावाने

अण्णांच्या शोकसभेत मी उठून बोलले ते बऱ्याच जणांना आवडलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पुण्यात तसं म्हणत नाहीत. चहाचा कप हातात देताना जरा जास्तच आदबीने 'ताई, साखर चालते ना तुम्हाला?' असं विचारतात. सोसायटीचा हॉल, फोटोला निशिगंधाचा हार, कोपऱ्यात घरघरणारा पंखा. टेकडीवरचे सगळे नेहमीचे चेहरे आले होते, पण टोपी आणि ट्रॅकपँटशिवाय, धुतलेल्या कपड्यांत, त्यामुळे निम्मे मला ओळखूच येईनात. चार-पाच जण बोलले, चांगलं बोलले. मग एकाने सुचवलं, की अण्णांचं झाडांवर जिवापाड प्रेम होतं, तर या पावसाळ्यात वेताळ टेकडीच्या वरच्या पठारावर त्यांच्या नावाने १०१ झाडं लावायची. वड, पिंपळ, कडुलिंब, बहावा. सगळी देशी. टाळ्या पडल्या, मग ही शोकसभा आहे हे आठवून मधेच थांबल्या. मी उठून म्हणाले, झाडं जरूर लावा, पण वरचं पठार नको, तिथे गवत आहे. पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ मागे वळून अगदी समजुतीने म्हणाले, "गवतच आहे ना? मग जागा मोकळीच आहे की."

हे गृहस्थ वाईट नाहीत, ही खरी पंचाईत. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा रोज सकाळी मऊ भाताचा डबा घेऊन जाणारे हेच होते. मी काय केलं होतं? दोनदा भेटायला गेले आणि मोसंबी नेली, जी त्यांना चालत नव्हती. तेव्हा अण्णांवर कुणाचा हक्क जास्त, असा प्रश्न आला असता तर त्या हॉलमध्ये मी हरलेच असते.

अण्णा स्वतः तिथे असते तर एव्हाना दाराशी चपला शोधत असते.

कारण झाडांवर प्रेम वगैरे त्यांचं होतंच, पण भांडण त्यांनी आयुष्यभर केलं ते गवतासाठी. मला पहिल्यांदा त्यांनी टेकडीवर अडवलं तेही गवतावरूनच. कॉलेजात होते, मैत्रिणीबरोबर पठारावरून उतरत होते, ऑक्टोबरातलं पिवळं ऊन. सलवारीच्या कडेला, मोज्यांत कुसळं रुतली होती आणि मी दगडावर बसून एकेक उपटून शिव्या देत फेकत होते. खाकी टोपीतला एक बुटका माणूस समोर येऊन थांबला आणि म्हणाला, "एक इकडे दे." दिलं. त्याने ते माझ्याच तळहातावर आडवं ठेवलं. पुढे टोकदार तपकिरी बी, टाचणीच्या टोकाइतकं अणकुचीदार. बीच्या मागे उलटे वळलेले बारीक तांबूस केस. त्याच्या मागे बोटभर लांब काळी शेपटी, मधेच कोपरात वाकलेली, आणि वाकल्या जागेपर्यंत तिला घट्ट पीळ. त्यांनी बाटली उघडली आणि पाण्याचा एक थेंब त्या पिळावर सोडला. काही झालं नाही. मैत्रीण कंटाळून पुढे गेली. मग शेपटी हलली. पीळ सुटायला लागला, वाकलेलं टोक सावकाश गोल फिरू लागलं, आणि बी माझ्या तळहाताच्या रेषेत शिरायला जागा शोधू लागलं. टोचलं चक्क. मी हात झटकला तर म्हणाले, "रात्री दव पडलं की पीळ सुटतो, दिवसा वाळला की परत बसतो. असं फिरत फिरत स्वतःला जमिनीत गाडून घेतं. केस उलटे, म्हणून मागे यायची सोय नाही. वरून वणवा गेला तरी बी आत सुखरूप. याला खड्डाही लागत नाही आणि मंत्रीही लागत नाही."

मग नाव-गाव काही न विचारता निघून गेले.

त्या पठाराचं ते सांगत ते मी नंतर कितीतरी वर्षं त्यांच्या मागून चालत ऐकलं. मे महिन्यात ते पठार खरंच भकास दिसतं. मुरूम, वाळलेली खुंटं, मधे एखादं मेडशिंगीचं नाहीतर मोईचं वाकडं झाड. कुणालाही वाटावं, इथे काहीतरी लावायला हवं. सरकारी दप्तरातही इंग्रजांच्या काळापासून अशा जमिनीला पडीकच म्हणत आलेत; जिच्यातून महसूल नाही ती पडीक. पण त्याच भकास मुरमावर माळटिटवी अंडी घालते, घरटं न बांधता, खड्यांत खडे. दोन वळीव झाले की काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला चिकटून उगवते, इतकी खाली की बुटाखाली येईपर्यंत कळत नाही. मृगाचे मखमली किडे निघतात. पावसाळा मध्यावर आला की गवतात कंदीलपुष्प. त्याच्या नळीत आतल्या बाजूला केस असतात, वासाला भुलून शिरलेली बारकी माशी त्यात अडकते आणि केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. अण्णा हे सांगताना कंदिलाला हात लावू देत नसत. "तिची कोठडी आहे ती, तिला शिक्षा भोगू दे." यांतल्या बहुतेक मंडळींना डोक्यावर ऊन लागतं. वर वडाची सावली आली की खालचं सगळं दहा-पंधरा वर्षांत गुपचूप नाहीसं होतं आणि आपण सावलीत बसून म्हणतो, काय छान गार वाटतंय.

अण्णा टेकडीला लागले ते पुरामुळे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते शाळेत होते. नदीकाठच्या पेठेतलं भाड्याचं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट गेलं, काही दिवस नातेवाइकांकडे, मग गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत छोटंसं घर. मागच्या दाराशी टेकडी. शाळा सुटली की जायला दुसरी जागा नव्हती. पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. शास्त्राची पदवी नाही, इंग्रजी बेताचं. ओळखू न आलेली वनस्पती ओल्या रुमालात गुंडाळायची आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत कोरेगाव रस्त्यावरच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या कचेरीत न्यायची. तिथले एक साहेब पहिल्यांदा वैतागले, मग खुर्ची द्यायला लागले, मग रुमाल उघडायच्या आधीच 'आज काय आणलंत' असं विचारायला लागले. लॅटिन नावं अण्णांना अशी तोंडपाठ झाली, उच्चार मात्र अस्सल गोखलेनगरचे. नदीकडे ते कधी वळले नाहीत. येरवड्याच्या पुलाजवळ हिवाळ्यात बदकं बघायला सगळे जायचे, अण्णा नाही. "बदकं तुमची तुम्ही बघा." मी एकदा कारण विचारलं, तेव्हा त्यांनी विषय पावश्याकडे नेला. परत विचारलं नाही.

आणि हेही सांगायला हवं, कारण शोकसभेत ते कुणी सांगितलं नाही: टेकडीवरचं उंदीरमारीचं रान उभं करण्यात अण्णांचाही हात होता. तरुणपणी कारखान्यातल्या मित्रांना घेऊन ते श्रमदानाला जात. उंदीरमारीच्या फांद्या रोवायच्या, पाणी घालायचं, पुढच्या वर्षी मोजायला जायचं. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, पण कुठल्याही मुरमात जगतं, फांदी खोचली तरी फुटतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या झटपट हिरव्या करायला याहून सोपं काय? गिरिपुष्प असं गोंडस नावही आहे त्याला. फेब्रुवारीत पानं झडून गुलाबी फुलांनी भरतं तेव्हा दिसतंही देखणं, फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. अण्णांना फार उशिरा जाणवलं की त्या झाडीत सकाळी आवाज नसतो. खाली गवत नाही, पानावर अळी नाही, म्हणून अळी खाणारा पक्षी नाही. एका फेब्रुवारीत त्या गुलाबी बहरातून जाताना एका खोडावर थाप मारून म्हणाले, "हे माझं. हेही माझंच असावं. चांगलं पोसलंय की नाही बघ." हसत म्हणाले, पण पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. झाडं लावणाऱ्यांवर ते इतके का चिडत, याचं उत्तर मला त्या थापेत सापडलं. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायचा, हा दोष त्यांच्यात भरपूर होता.

दोष इतरही होते. मोठ्या लेन्स घेऊन येणाऱ्यांशी ते सरळ खोटं बोलायचे. रातव्याने पाचोळ्यात अंडी घातली असतील तर त्याच्याकडे पाठ करून वाटेवर फतकल मारून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारणावरून छेडायचे, म्हणजे लोक अण्णांना टाळून पुढे जात आणि रातवाही सुटे. मोरांना शेव घालणाऱ्या एका आजोबांशी त्यांचा अबोला होता, तो अखेरपर्यंत. पावसाळ्यानंतर केशरी कॉसमॉसच्या ताटव्यात सेल्फी काढणाऱ्या मुलींना त्यांनी इतकं झापलं की त्यातली एक रडायला लागली. मग शरमून तिला खिशातली खडीसाखर दिली, पण कॉसमॉसबद्दलचं मत काही बदललं नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज ओळखणाऱ्या ॲपची तर त्यांना चीड. कॉलेजातला एक पोरगा, त्याला आपण पोरगाच म्हणू, तो शेवटची काही वर्षं त्यांच्या मागे सावलीसारखा असायचा. त्याने एकदा रेकॉर्डिंग ऐकवून सांगितलं, की अण्णा, तुम्ही खाणीकडच्या झुडपातल्या ज्याला जंगल वटवट्या म्हणता तो साधा वटवट्या आहे. अण्णा त्याच्या अंगावर गेले. चारचौघांत. मग काही दिवस दुसऱ्या वाटेने चढत होते. एका सकाळी खाणीपाशी पोराच्या शेजारी येऊन उभे राहिले, दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणाले, "तुझंच बरोबर निघालं." पोराने तो दिवस अजून जपून ठेवलाय.

ते गेले त्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात काही आलं नाही. येणार तरी काय? ना पुस्तक, ना पुरस्कार, ना समितीवर नाव. पुढे सप्टेंबरात डॉ. हेमा साने गेल्या. गरवारे कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या, बुधवार पेठेतल्या जुन्या घरात जन्मभर विजेशिवाय राहिलेल्या. तेव्हा सगळ्या पेपरांत त्यांच्यावर आलं. यायलाच हवं होतं. मी ते वाचत होते आणि माझ्या लक्षात आलं की वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात त्यांच्या झाडांपेक्षा ते विजेशिवायचं घरच राहणार. एवढ्या पुस्तकांची बाई, आणि लोक विचारत होते, पंख्याशिवाय कसं हो राहायच्या? आमच्या अण्णांच्या बाबतीत हेच 'वृक्षप्रेमी' या शब्दाने झालं. बॅनरवर तोच छापला. खाली हिरव्या पानांचं चित्र.

वृक्षारोपण व्हायचं ते झालंच, जूनच्या शेवटी. पण पठारावर नाही. माझ्या भाषणाचा त्यात काडीचा वाटा नाही. पाण्याचा टँकर वर चढेना आणि पाइप पुरेना, एवढंच कारण. त्यात वनखात्याच्या माणसाने वर खड्डे घेऊ दिले नाहीत. शेवटी खाली, गोखलेनगरच्या अंगाला, जिथे जुनी उंदीरमारी पडून मोकळं झालं होतं तिथे रोपं लागली. मीही गेले. दोन खड्डे मातीने भरले, फोटोत उभी राहिले. डब्यावाले गृहस्थ वाकून प्रत्येक रोपाला काठी बांधत होते, गुडघे दुखत असताना. एका बहाव्याला त्यांनी हळूच 'काय अण्णा' असं म्हटलेलं मी ऐकलं. मला हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. रोपं बरी आहेत. शेळ्यांनी काही खाल्ली. बाकीची जगली तर उंदीरमारीपेक्षा केव्हाही चांगली, आणि हे अण्णांनीही कबूल केलं असतं, चरफडत का होईना.

गणपतीनंतर माईंचा फोन आला. माई म्हणजे अण्णांच्या मिसेस. "पोटमाळ्यावर त्याच्या डायऱ्या आहेत, रद्दीवाल्याला घालू की तू नेतेस?" नवऱ्याला 'अरे-तुरे' करणाऱ्या त्यांच्या पिढीतल्या माई मला माहीत असलेल्या एकट्याच. पोराला घेऊन गेले. बँका, पतपेढ्या आणि औषधाची दुकानं दिवाळीनंतर फुकट वाटतात त्या डायऱ्या, वर्ष उलटून गेलेल्या सुद्धा. अण्णा छापलेली तारीख खोडून वर खरी घालत. रोजच्या दोन-तीन ओळी. कारखान्यातली सवय असावी, सगळं संक्षेपात, आकड्यांत. 'मा.टि. २, खाणीमागे.' 'नवरंग आवाज, पहाटे.' 'कुसळ फुलोरा, उ. उतार.' कित्येक दिवस नुसतंच 'काही नाही. वारा.' पोरगा एकेक डायरी मांडीवर घेऊन लॅपटॉपवर नोंदी चढवत होता. वर्षानुवर्षं एकाच टेकडीची एकाच माणसाने ठेवलेली नोंद, याची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. पहिला पेच पडला तो 'दू. १॥' वर. जवळजवळ रोज. पोराचं म्हणणं, दूरचं अंतर, दीड किलोमीटर, म्हणजे कुठून पाहिलं ते. मी म्हणाले, पण मग रोज तेवढंच कसं? माई चहा ठेवून आत जात होत्या. त्या तिथेच थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अरे, दूध! दीड लिटर. महिन्याच्या शेवटी दूधवाल्याशी भांडायला लागायचं त्याला."

मग 'छा.दु.' आलं. हे जुन्या डायऱ्यांत कुठेच नाही. शेवटच्या दोनच डायऱ्यांत, आणि अधूनमधून. नेहमी जागा लिहिलेली: 'छा.दु., चढावर.' 'छा.दु., देवळाआधी. बसलो.' पोराचे डोळे चमकले. दुर्लाव, तो म्हणाला, छोटा दुर्लाव. गवतातला पक्षी, पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही, दिसला तरी क्षणभर. बरोबर बसतंय सगळं: उतारावरचं गवत, सकाळची वेळ, 'बसलो' म्हणजे दबा धरून बसलो. आणि अण्णा कुणाला बोलले नाहीत कारण रातव्याचं घरटं तरी कुठे सांगायचे? त्याने नोंदी वेगळ्या काढल्या, महिन्याप्रमाणे लावल्या. पावसाळ्यानंतर वाढत गेल्या होत्या. जानेवारीत तर फारच. तो मला पटवून देत होता की हे खूप मोठं आहे, यावर लिहिता येईल, आणि पठार वाचवायला याचा उपयोग होईल. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. खरं असावंसं वाटत होतं.

माई पलंगाच्या कडेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी हात पुढे केला, "बघू." चष्मा लावून एक पान वाचलं, मग पोराने खुणा केलेली सगळी पानं उलटली. लसणाची पाकळी तशीच बोटात.

"छातीत दुखलं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं गप्प. माई मात्र गप्प बसल्या नाहीत. त्या चिडल्या, अशा की मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "मला सांगायचा, चढताना ढेकर येतात, ओवा दे. रोज ओव्याची पुडी करून द्यायचे मी! आणि वहीला बरोबर लिहून ठेवलंय, कुठे दुखलं, केव्हा दुखलं, किती वेळ बसला." डायरी त्यांनी पलंगावर आपटली. मग परत उचलली, पदराने पुसली. पोरगा लॅपटॉप मिटायला लागला तर म्हणाल्या, "मिटू नकोस. त्याच्या आधीच्या वर्षाची काढ. कधीपासून ते मला बघायचंय."